कुंडीतला वाटाणा दाखवून दादासाहेब फाळकेंनी सिनेमासाठी पैसा उभा केला होता

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे टाकलं आणि सुकेळी खिंड उतरली की खांब लागतं. रोहा तालुक्यातलं गाव. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना हे नाव पाटीवर वाचून माहिती असतं. गाडी तिथून पुढे कोलाडकडे निघते, दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरं दिसतात आणि आपण परत मोबाईलमध्ये डोकं घालतो.

त्याच मोबाईलवर पावसाळ्यात हमखास एक रील येतं. लालसर केसांचं एक पान, प्रत्येक केसाच्या टोकावर काचेच्या मण्यासारखा थेंब. एक चिलट त्यावर बसतं, चिकटतं आणि मग ते पान हळूहळू त्याच्याभोवती मिटत जातं.

हे झाड म्हणजे ड्रॉसेरा. मराठीत त्याला दवबिंदू म्हणतात. ते काही ॲमेझॉनच्या जंगलातलं नाही, आपल्या कोकणातलंच आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ओलसर कातळावर, भातखाचरांच्या कडेला, सह्याद्रीच्या सड्यांवर ते उगवतं. अशा जमिनीत नायट्रोजन कमी असतो, म्हणून ही झाडं किडे पकडून ती कमतरता भरून काढतात. टोकावरचा तो थेंब दव नसून चिकट द्रव असतो.

त्याच्याच शेजारी अनेकदा दुसरं एक मांसाहारी झाड असतं, युट्रिक्युलेरिया. त्याच्या एका जातीची जांभळी फुलं कास पठारावर गालिचा अंथरतात, तीच आपली सीतेची आसवं. फुलं नाजूक दिसत असली तरी खाली ओल्या मातीत या झाडाचे बारीक फुगे असतात. सूक्ष्म जीव फुग्याच्या दाराशी आला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हा सगळा प्रकार साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो.

आता गंमत बघा. ड्रॉसेराचं पान इतकं हळू मिटतं की समोर बसून बघितलं तरी ते हलतंय हे कळत नाही. युट्रिक्युलेरियाचा फुगा इतक्या झटकन काम करतो की पापणी लवायच्या आत सगळं संपलेलं असतं. दोन्ही गोष्टी आपल्या डोळ्यासमोर घडतात आणि दोन्ही आपल्याला दिसत नाहीत. त्या बघायच्या तर कॅमेरा जवळ न्यावा लागतो आणि वेळेशी खेळावं लागतं. जे हळू आहे ते पळवायचं, जे वेगात आहे ते थांबवायचं.

यातला पहिला खेळ, म्हणजे झाडाची संथ हालचाल कॅमेऱ्यात पकडून पळवून दाखवण्याचा, भारतात पहिल्यांदा केला तो खांबपासून शंभरेक किलोमीटरवर, मुंबईत. साल होतं १९१२. कॅमेऱ्यासमोर दवबिंदू नव्हता, साधा वाटाणा होता. आणि कॅमेऱ्यामागे होते धुंडिराज गोविंद फाळके. म्हणजेच दादासाहेब फाळके.

सगळं थोडं थोडं शिकलेला माणूस

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजमध्ये नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं. धुंडिराजला चित्रकलेची आवड होती म्हणून १८८५ मध्ये त्याला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातलं. तिथून तो भावाबरोबर बडोद्याला गेला आणि सयाजीराव महाराजांच्या राज्यातल्या कलाभवनात शिकला.

कलाभवनात त्याला त्रिभुवनदास गज्जर भेटले. रसायनशास्त्रातला मोठा माणूस. त्यांनी या पोराचा हात बघून कलाभवनातला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याला वापरायला मोकळी करून दिली. फोटो काढणं, काचा धुणं, हाफटोन ब्लॉक बनवणं, शिळाछपाई हे सगळं फाळके शिकले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून त्यांनी पदकही मिळवलं.

एवढं सगळं येत असूनही धंद्यात मात्र बस्तान बसेना. त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेग आला आणि त्यात पत्नी आणि मूल दोघंही गेले. फाळके बडोद्याला परतले.

मग जादू शिकले. कार्ल हर्ट्झ नावाचा परदेशी जादूगार बडोद्याला आला होता, त्याच्याकडून हातचलाखी उचलली आणि प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोग केले. केळफा उलटं वाचा, फाळके होतं.

१९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. पत्नीचं माहेरचं नाव गिरिजा करंदीकर, सासरचं सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी मिळाली. ती सोडून १९०६ च्या सुमारास लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम तिथे होत असे. छापखाना पुढे दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने चांगला चालला. रंगीत छपाईचं नवं तंत्र बघायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसलं आणि स्वतः उभारलेल्या छापखान्यातून ते बाहेर पडले.

वय चाळीस. हातात अनेक कला, पण धंदा एकही नाही. घरात बायको आणि मुलं.

आधी डोळेच गेले

१९११ मध्ये गिरगावातल्या एका तंबू थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघितला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळकेंच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देवांच्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांना पछाडलं.

मग एकच उद्योग सुरू झाला. मिळतील ते सिनेमे बघायचे, मिळतील ती पुस्तकं आणि कॅटलॉग मागवायचे. घरी छोटं यंत्र आणून भिंग आणि मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रं पाडायची. झोप तीन-चार तास. हे महिनोन्महिने चाललं आणि एक दिवस डोळ्यांनी साथ सोडली. दृष्टी जवळजवळ गेली.

ज्या माणसाचं अख्खं आयुष्य बघण्यावर उभं होतं, चित्रकला, फोटो, छपाई, त्याला दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांनी उपचार केले आणि नजर हळूहळू परत आली. दुसरा कुणी असता तर त्याने सिनेमाचा नाद सोडला असता. फाळके बरे झाले आणि पुन्हा त्याच कामाला लागले.

त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उचलले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनची बोट धरली. लंडनमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं. ज्या बायोस्कोप साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते त्याच्या ऑफिसची पाटी दिसली म्हणून थेट आत शिरले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका असंच सुचवलं, पण त्यांची तयारी बघून मदतही केली. सेसिल हेपवर्थ या त्या काळच्या नावाजलेल्या निर्मात्याकडे त्यांना पाठवलं आणि हेपवर्थने आपला स्टुडिओ त्यांना सगळा फिरून दाखवला.

फाळकेंनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, किंमत ५० पौंड. बरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले.

आता कॅमेरा होता, अंगात कसब होतं. सिनेमा काढायला लागणारा पैसा मात्र नव्हता.

वाटाणाच का?

स्वतःला सावकाराच्या जागी ठेवून बघा. समोर एक माणूस उभा आहे, ज्याचा छापखाना गेलाय, जो मधे जवळजवळ आंधळा झाला होता, ज्याने विमा गहाण टाकलाय. तो तुम्हाला सांगतोय की मी राजा हरिश्चंद्रावर चित्रपट काढतो, पैसे द्या. तुम्ही द्याल?

फाळकेंना हे कळत होतं. त्यामुळे तोंडी सांगण्यापेक्षा काहीतरी करून दाखवायचं त्यांनी ठरवलं. नट, कपडे, सेट यातलं काहीच परवडणार नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा लावला.

महिनाभराहून जास्त काळ हे चित्रीकरण चाललं. तयार झाला सुमारे एका मिनिटाचा लघुपट. दाणा फुटतो, कोंब वर येतो, पानं उलगडतात आणि बघता बघता वेल आधाराला धरून चढायला लागतो. नाव ठेवलं, अंकुराची वाढ.

विषय म्हणून वाटाणा अगदी चोख होता. तो लवकर रुजतो, भराभर वाढतो आणि वेलवर्गातला असल्याने त्याचे तणावे आधार शोधत हवेत गोल फिरतात. आपल्याला हे फिरणं दिसत नाही, कारण एका फेरीला तास लागतात. वेळ आवळली की तोच तणावा चाचपडणाऱ्या बोटासारखा दिसतो.

आता तंत्र समजून घेऊ. त्या काळचा कॅमेरा हाताने दांडी फिरवून चालायचा. मूकपट साधारण सेकंदाला १६ चित्रं या वेगाने दाखवत. म्हणजे एका मिनिटाच्या फिल्मला ९६० चित्रं. रोज एक चित्र काढून हा लघुपट झाला असं अनेकदा सांगितलं जातं, पण साधा हिशोब करा. रोज एक म्हणजे महिन्याला ३० चित्रं आणि ती पडद्यावर दोन सेकंदांत संपतील. महिनाभरात मिनिटभराची फिल्म करायची तर दिवसाला सरासरी तिसेक चित्रं घ्यायला हवीत. म्हणजे पाऊण तासाला एक.

इतके दिवस कॅमेरा तसूभरही हलून चालत नाही. कुंडी कुणी उचलून बाजूला ठेवली तर संपलं. झाड वर वाढत जातं, ते चौकटीत मावेल याचा अंदाज पहिल्या दिवशीच बांधावा लागतो. उजेड सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, ढग आले की आणखी वेगळा, तो सांभाळला नाही तर पडद्यावर चित्र लुकलुकतं. आणि सगळ्यात कठीण म्हणजे फिल्म धुवेपर्यंत आत काय उमटलंय ते कळायला मार्ग नाही.

आज दवबिंदूचा मॅक्रो व्हिडीओ काढणाऱ्यांना याच अडचणी येतात. भिंग जितकं जवळ, तितका फोकसचा पट्टा अरुंद. थेंब स्पष्ट आला तर त्यामागचा केस धूसर होतो. वाऱ्याची झुळूक आली की पान चौकटीबाहेर. फरक इतकाच की आता दर मिनिटाला एक चित्र घेण्याचं काम फोन आपोआप करतो आणि चुकलं तर लगेच दिसतं.

जगात हा प्रयोग अगदी पहिला नव्हता. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये कीटकभक्षी झाडांवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याने दवबिंदूची पानं तासन्‌तास नजरेखाली ठेवली होती. वेलींची हालचाल टिपायला तो काचेवर ठरावीक वेळाने ठिपके काढायचा आणि ते जोडायचा. जर्मनीत विल्हेल्म फेफर या शास्त्रज्ञाने १९०० च्या आसपास वनस्पतींची हालचाल फिल्मवर घेतली. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथने १९१० मध्ये उमलणाऱ्या फुलांचा चित्रपट लोकांना दाखवला. पण या लोकांना विज्ञान दाखवायचं होतं किंवा प्रेक्षक मिळवायचे होते. फाळकेंना घर चालवून सिनेमा काढायचा होता. त्यांचा वाटाणा हा कर्जाचा अर्ज होता.

अंधारातली भोकं

आता सरस्वतीबाईंकडे येऊ.

तेव्हा फाळकेंकडे येणारी कच्ची फिल्म कोरी असायची, तिच्या कडेला भोकं नसायची. भोकं नसतील तर फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकत नाही. एका चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे आठ भोकं. वाटाण्याच्या एका मिनिटाचा हिशोब केला तर ७,६८० भोकं होतात. त्यासाठी यंत्र होतं, पण ते चालवायचं अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म खराब. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुणंही शिकल्या.

अंकुराची वाढ तयार झाल्यावर फाळकेंनी ती निवडक लोकांना दाखवली. कुंडीतला वाटाणा डोळ्यांदेखत मिनिटभरात वाढताना बघून बसलेल्यांपैकी काहींची खात्री पटली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी पैसे द्यायची तयारी दाखवली. तेवढ्याने भागणार नव्हतं, तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले.

त्यातून उभा राहिला राजा हरिश्चंद्र. दादरला, आज ज्या रस्त्याला दादासाहेब फाळके यांचंच नाव आहे तिथे, चित्रीकरण झालं. स्त्रिया काम करायला तयार होईनात म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला तारामती केलं. फाळकेंचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई करायच्या आणि शिवाय फिल्मचं काम बघायच्या. चित्रपटाची लांबी होती ३,७०० फूट. फुटाला १६ चित्रं धरली तर पावणेपाच लाखांच्या घरात भोकं. पुढच्या वेळी भारतीय सिनेमाच्या जनकाचं नाव घ्याल तेव्हा हा आकडा आठवा.

२१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिम्पियामध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसाठी लागला. पुढचं आपण शाळेत शिकलोय.

वेळ पळवणाऱ्याला वेळेने मागे टाकलं

हरिश्चंद्रानंतर फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं आणि भारतीय पडद्यावर स्त्रिया आल्या. १९१७ च्या लंकादहनने तुफान धंदा केला. कालियामर्दनमध्ये त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, छोट्या कृष्णाचं काम केलं.

पण वाटाण्याचा नाद सुटला नव्हता. पौराणिक चित्रपटांच्या जोडीने ते छोट्या फिती काढतच राहिले. आगकाड्यांची मौज या लघुपटात त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. तंत्र तेच. एक चित्र घ्यायचं, काडी जराशी सरकवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचं. कुंडीत हे सरकवायचं काम निसर्गाने केलं होतं, इथे फाळकेंच्या बोटांनी केलं.

१९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली आणि लक्ष्मी आर्टचीच गोष्ट पुन्हा घडली. पैसा लावणाऱ्यांना हिशोब हवा होता, फाळकेंना हवं तसं काम. वैतागून ते कुटुंबासह काशीला निघून गेले आणि तिथे त्यांनी रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. नंतर परत आले, चित्रपट केले, पण आधीची जादू फारशी जमली नाही. १९३१ मध्ये आलम आरा आला, चित्रपट बोलायला लागले आणि मूकपटांचा काळ बघता बघता संपला. फाळकेंनी एकच बोलपट काढला, १९३७ चा गंगावतरण, कोल्हापूर सिनेटोनसाठी. तेव्हा त्यांचं वय ६७ होतं.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. शेवटची वर्षं ओढगस्तीत गेली. ज्या धंद्याची त्यांनी पायाभरणी केली त्यात तोवर लाखोंची उलाढाल होत होती, पण त्यातलं त्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. केंद्र सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला तो १९६९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी. परेश मोकाशी यांच्या हरिश्चंद्राची फॅक्टरी या २००९ च्या चित्रपटामुळे नव्या पिढीला त्यांची ओळख पुन्हा झाली.

राजा हरिश्चंद्रचं नाव सगळ्यांना माहिती आहे, वाटाण्याचं फारसं कुणाला नाही. खरं तर त्या एका मिनिटात पुढचा सगळा माणूस दिसतो. पैसा नाही म्हणून थांबायचं नाही, हाताशी असलेली साधी वस्तू घ्यायची, तिच्याकडे इतरांपेक्षा जास्त वेळ बघत बसायचं आणि मग जगाला दाखवायचं. त्यात हे डोळे नुकतेच अंधारातून परत आले होते.

या गणपतीत खांबच्या आसपास गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तर खाली उतरून पाय मोकळे करताना शेताच्या कडेला, ओल्या खडकावर नजर टाकून बघा. लालसर चमकणारं काही दिसलंच तर उपटू नका, पायही देऊ नका. फोन स्थिर ठेवा, टाइमलॅप्स लावा आणि वाट बघा. तुम्हाला तासभर थांबावं लागेल, फाळके महिनाभर थांबले होते.